पत्ता नसलेली पिवळी मोजडी

पावसाळ्यात कुणी सह्याद्रीतल्या एखाद्या दुर्मीळ आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, फोटो टाकला की खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लोकेशन?’ फोटो काढणारा जाणकार असेल तर उत्तर देत नाही, किंवा ‘सातारा जिल्हा’ एवढं लिहून मोकळा होतो. मला हा शिष्टपणा वाटायचा. मग इंग्लंडमधल्या एका झाडाची हकीकत वाचनात आली आणि मत बदललं.

सिप्रिपेडियम कॅल्सिओलस हे तिचं शास्त्रीय नाव. तिकडे या आमरीला ‘लेडीज स्लिपर’ म्हणतात, आपण सरळ मोजडी म्हणू. भोवती लालसर तपकिरी, पीळ पडल्यासारख्या पाकळ्या आणि मधोमध फुगीर, पिवळीधमक मोजडी. उत्तर इंग्लंडच्या चुनखडीच्या डोंगरउतारांवर ती पूर्वी बऱ्यापैकी आढळायची. पण एवढं देखणं फूल आपल्या बागेत हवं म्हणून लोकांनी ती मुळासकट उपटून नेली. झाड जितकं कमी होत गेलं तितकी हाव वाढली. १९१७ साली ती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

१९३० साली यॉर्कशर डेल्समध्ये ती पुन्हा सापडली. एकच झाड!

ठिकाण ठाऊक असलेल्या मोजक्या लोकांनी तोंडाला कुलूप लावलं. पुढे १९७० मध्ये या एका झाडासाठी खास समिती स्थापन झाली, फुलण्याच्या हंगामात पहारेकरी बसू लागला. पण राखण केल्याने झाड टिकतं, वाढत नाही, आणि या आमरीचं वाढणं भलतंच कटकटीचं.

तिच्यात मध नसतो. रंगाला आणि वासाला भुलून एखादी छोटी रानमाशी मोजडीत उतरते आणि अडकते. कड आत वळलेली, भिंती गुळगुळीत, आल्या वाटेने परत चढता येत नाही. मागच्या बाजूला मात्र पातळ भागांतून उजेड झिरपतो आणि तिथे पाय रोवायला केस असतात. त्या उजेडाच्या रोखाने माशी चढू लागते. वाट अरुंद होत जाते. आधी तिची पाठ कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाला, घासते, मग बाहेर पडता पडता परागकोशाला. पाठीवर चिकट परागांचा लपका घेऊन ती सुटते. हीच माशी पुन्हा दुसऱ्या मोजडीत फसली, तरच पराग योग्य जागी पोचतात. आता आसपास दुसरं झाडच नसेल तर?

म्हणून माणसांनी माशीचं काम हाती घेतलं आणि हाताने परागीकरण सुरू केलं. शेंगा धरल्या, तरी अडचण होतीच. आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं, त्यात शिदोरी काहीच नाही. डाळीच्या दाण्यात कोंबापुरतं अन्न साठवलेलं असतं. या बियांना मात्र मातीतल्या विशिष्ट बुरशीने भरवावं लागतं. लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात १९८३ पासून यावर काम सुरू झालं. अपक्व, हिरव्या शेंगेतलं बी काढून प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर रुजवण्यात शास्त्रज्ञांना यश आलं. १९८९ पासून रोपं रानात लावायला लागले. त्यातल्या पहिल्या झाडाला फूल आलं २००० साली. अकरा वर्षं! आमच्याकडे वृक्षारोपणाचा फोटो काढून झाला की विषय संपतो, म्हणून हा आकडा मला फार मोठा वाटला.

गंमत म्हणजे धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत या मोजडीची फारशी चिंता केलेली नाही, कारण ती युरोपापासून पार सायबेरियापर्यंत पसरलेली आहे. ब्रिटनच्या यादीत मात्र ती अतिसंकटग्रस्त. त्यामुळे ‘दुर्मीळ’ शब्द दिसला की कुठल्या नकाशावर, हे आधी विचारावं.

आणि हाव अजून सरलेली नाही. लँकेशरमधल्या सिल्वरडेलला गोल्फच्या मैदानावर अशीच एक मोजडी होती. तिचा पत्ता फुटलेला होता. चोरांनी तिच्यावर एकदा नव्हे, दोनदा हात मारला. शेवटी २०१० मध्ये फुलाच्या दिवसांत तिथे पोलिसांना गस्त घालावी लागली.

आपल्या पश्चिम घाटातही हेच घडलंय. दक्षिणेला अगस्त्यमलैच्या डोंगरात या मोजडीची एक चुलत बहीण आहे, पॅफिओपेडिलम ड्रुरी, पिवळी आणि पाकळ्यांवर मधोमध तपकिरी पट्टा. १८६५ साली कर्नल ड्रुरी यांना ती मिळाली, नंतर कित्येक दशकं कुणाला दिसली नाही. १९७० च्या दशकात पुन्हा सापडल्याची बातमी पसरली आणि संग्राहकांनी तिथली झाडं ओरबाडून नेली. आज ती जागतिक यादीतही अतिसंकटग्रस्त आहे. वन्यजीव संरक्षण कायदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी अशी दोन्ही कवचं तिला मिळाली, पण डोंगर रिकामा झाल्यावर.

यॉर्कशरमधून मात्र अलीकडे बरी बातमी आली आहे. लावलेल्या झाडांच्या परिसरात मोजडीचं एक नवं रोप आपसूक उगवलेलं आढळलं. बी माणसाने रुजवलेलं नव्हतं, मातीतल्या बुरशीने ते पोसलं होतं. ते नेमकं कुठे आहे, हे अर्थातच कुणी सांगितलेलं नाही.