पेस्ट केल्यावर काळा चौकोन येतो कुठून?

श्रावण लागला की जळगाव-धुळ्याच्या फ्लेक्सच्या दुकानांत कानबाईच्या बॅनरांची घाई सुरू होते. ब्राउझरमधून देवीचं चित्र कॉपी केलं, डिझाइनमध्ये पेस्ट केलं आणि मुकुटामागे काळा चौकोन उमटला, हे तिथल्या ऑपरेटरांना नवीन नाही. "व्हायरस शिरलाय, विंडोज नवीन मारून टाक भो," हा त्यावरचा ठरलेला सल्ला. त्यात अर्धा दिवस जातो आणि चौकोन जागचा हलत नाही. कारण चित्र धड असतं, विंडोजही धड असते. घोळ होतो तो क्लिपबोर्डवरून, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेवरून, चित्र वाचताना.

कॉपी करणारा प्रोग्रॅम एकच चित्र क्लिपबोर्डवर अनेक फॉरमॅटमध्ये ठेवू शकतो. पेस्ट करणारा त्यातला आपल्याला कळेल तो उचलतो. विंडोजमधला जुना, सगळ्यांना कळणारा फॉरमॅट म्हणजे 'डिब', क्रमांक ८. याचं नेहमीचं हेडर, म्हणजे चित्राची माहिती देणारा सुरुवातीचा भाग, ४० बाइटचं. ३२ बिटच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट मिळतात: निळा, हिरवा, लाल, आणि चौथा नियमाप्रमाणे बिनकामाचा. काही प्रोग्रॅम त्यातच पारदर्शकता, म्हणजे अल्फा, भरतात; काही तिथे ० सोडून देतात. अल्फा ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव. आता तिथे ० दिसला तर समजायचं काय? सातबाऱ्यावरच्या रिकाम्या रकान्यासारखी गत: खरंच काही नाही, की भरायचंच राहिलं? तोडगा असा की सगळ्याच पिक्सेलांचा चौथा बाइट ० निघाला तर चित्र भरीव धरायचं. उलट, वाचणाऱ्याने अल्फाकडे पाहिलंच नाही तर पारदर्शक भागाचे नुसते रंग उरतात. ते बहुतेक वेळा ०, ०, ० असतात, आणि तोच आपला काळा चौकोन.

चौकोन गेला तरी कडेची काळपट रेघ उरते, आणि खरी गंमत तिथे आहे. अल्फा साठवायच्या दोन रीती आहेत. एकीत रंग जसाच्या तसा असतो. दुसरीत तो आधीच अल्फाने गुणलेला असतो. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रं एकमेकांवर बसवण्याचं गणित मांडलं ते याच रीतीने. लाल २५५, अल्फा १२८ असा कडेचा पिक्सेल घ्या. गुणलेल्या रीतीत लाल १२८ लिहिला जातो. पांढऱ्यावर बसवताना मागच्या पांढऱ्याचे १२७ मिळवले की २५५, बरोबर उत्तर. पण वाचणाऱ्याने तो १२८ साधा रंग समजून पुन्हा अल्फाने गुणला तर ६४ होतात, बेरीज १९१. हीच काळपट कड. उलटी चूक झाली तर २५५ अधिक १२७ म्हणजे ३८२. ते २५५ वर छाटले जातात आणि रंगीत पार्श्वभूमीवर कड भगभगते.

ओळखायचं कसं? एखाद्या पिक्सेलचा कुठलाही रंग त्याच्या अल्फापेक्षा मोठा असेल तर तो गुणलेला नाही, हे नक्की. एकही तसा नसेल तर बहुधा गुणलेला. मग मूळ रंग परत मिळवायला रंगाला २५५ ने गुणून अल्फाने भागायचं, अल्फा ० असेल तिथे भागाकार टाळून. अल्फा ३ इतका बारीक असेल तर रंगाच्या ४ च पायऱ्या उरतात, त्या काही परत मिळत नाहीत. निव्वळ काळ्या सावलीला मात्र दोन्ही रीती सारख्याच.

'डिब-व्ही५', क्रमांक १७, याच्या १२४ बाइटच्या हेडरात अल्फाला हक्काची जागा आहे. पण कोणी नुसता ८ ठेवला तरी विंडोज त्यावरून १७ स्वतःच बनवून देते, म्हणून १७ दिसला की अल्फा आहेच असं नाही. फॉरमॅटची यादी मागवली की मूळ आधी येतो, बनवलेला नंतर. शिवाय काही प्रोग्रॅम व्ही५ हेडरानंतर रंगांचे १२ बाइटचे मास्क (कुठले बिट कुठल्या रंगाचे ते सांगणारे आकडे) पुन्हा लिहितात. ते ओलांडले नाहीत तर चित्र ३ पिक्सेल सरकतं.

म्हणून वाचणाऱ्याने आधी 'पीएनजी' नावाचा फॉरमॅट शोधावा. त्यात रंग गुणलेला नसतो, हे नियमातच आहे. तो नसेल तर १७, मग ८. दुकानातल्या माणसाने पेस्टच्या नादी न लागता पीएनजी फाइल सेव्ह करून इम्पोर्ट करावी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. फोटो जेपेग होऊन येतो, आणि जेपेगमध्ये अल्फाला जागाच नाही. तो एकदा गेला की 'एआय'वाल्या अ‍ॅपला पैसे मोजूनही मुकुटाच्या झालरीची कड अंदाजानेच कापली जाते.