जास्त वेळ मुरवल्याने चहातलं फळ वाढत नाही

फळांच्या स्वादाचा काळा चहा जितका मुरेल तितका फळाचा स्वाद गडद होतो, हा समज जुना आणि चुकीचा आहे. पीच किंवा बेरीचा तो वास बहुधा पत्तीवर चढवलेल्या सुगंधी अर्कातून येतो. अर्ल ग्रे या सुगंधी चहात तो बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा असतो. वाळलेले तुकडे बऱ्याचदा शोभेपुरतेच. हा सुगंध उडून जाणारा, पाण्यात लवकर उतरणारा. पुढे उतरत राहतात ती पॉलिफेनॉल्स, म्हणजे पत्तीतली तुरट द्रव्यं: तुरटपणा चढतो, फळ दबतं. गडद स्वाद हवा तर वेळ नव्हे, पत्ती वाढवा. 200 मिलिलिटर पाण्याला 2 ऐवजी 3 ग्रॅम घ्या, भांडं झाकून ठेवा आणि 3 मिनिटांनी गाळा. चाखण्याआधी थोडं निवू द्या. घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. फळ ओळखायचं काम जिभेपेक्षा नाकच करतं.