पाठीमागे लपवलेले हात

ग्रेड परीक्षेतलं स्मरणचित्र आठवून पाहा. विषय भाजीबाजार असो की नळावरची गर्दी, चित्रातल्या निम्म्या माणसांचे हात पाठीमागे असतात आणि उरलेल्यांचे पिशवीआड नाहीतर खिशात. चेहरा जमतो, साडीच्या चुण्या जमतात. बोटं आली की पेन्सिल अडते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना यात आपलीच चूक वाटते. मला ती शिकवण्याच्या क्रमाची चूक वाटते. हा क्रम बराच जुना आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. एका हातात 27 हाडं असतात: मनगटात 8, तळव्यात 5, बोटांत 14. अंगठ्याला दोन पेरं, बाकी बोटांना तीन. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि दोरीसारख्या कंडरांनी ती ओढतात. शिवाय हाताच्या पाठीमागून बोटं लांब दिसतात, तळव्याकडून आखूड. मागून ती सांध्याच्या उंचवट्यापासून सुरू झालेली दिसतात, पुढून बोटांमधल्या बेचक्यापासून. नवशिका एवढं पाहत नाही. हात त्याच्या रोजच्या ओळखीचा असतो, म्हणून तो न बघताच पाच काड्या काढतो.

आपल्या जुन्या चित्रशास्त्रात हातच मापाची पट्टी होता. ताल म्हणजे 12 अंगुळं. चेहरा एक ताल, आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हातही तेवढाच. तळव्याची टाच हनुवटीवर टेकवा, मधलं बोट केसांच्या रेषेजवळ पोचतं. नवशिके हात फार लहान काढतात, त्यावर याहून सोपा उपाय मला माहीत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळणार नाही. नाट्यशास्त्रात तर एका हाताच्या 24 आणि दोन्ही हातांच्या मिळून 13 मुद्रा मोजल्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा कमळ धरलेला हात बघा. हाडाचा एकही उंचवटा नाही, तरी देठ किती अलगद धरलाय ते कळतं. तो हात माप आणि मुद्रा यांतून आलेला आहे.

युरोपात वाट वेगळी होती. 1508 मध्ये जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने फ्रँकफर्टच्या याकोब हेलरने सांगितलेल्या वेदीचित्रासाठी, म्हणजे चर्चच्या वेदीवर लावायच्या चित्रासाठी, निळ्या कागदावर कुंचल्याने जोडलेले हात काढले. ते वेदीचित्र पुढे 1729 मध्ये आगीत गेलं. पूर्वतयारी म्हणून काढलेले हात आजही व्हिएन्नात आहेत. 1543 मध्ये व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ आला, त्यातल्या स्वतःच्या चित्रात तो मृतदेहाचा चिरलेला हात दाखवत उभा आहे. पुढे अकादम्यांनी पायऱ्या पक्क्या केल्या: आधी छापील चित्राची नक्कल, मग प्लास्टरचा पुतळा, सर्वांत शेवटी जिवंत माणूस. पॅरिसमध्ये 1866 पासून निघालेल्या शार्ल बार्गच्या नमुनाचित्रांत प्लास्टरचे हात-पाय याच हेतूने आहेत.

ती नमुनाचित्रं गिरवणारा सर्वांत प्रसिद्ध नवशिका म्हणजे व्हॅन गॉग. 1880 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींच्या भागात राहून त्याने ती चिकाटीने काढली. पण हात काढणं त्याला जमलं ते नेदरलँड्समधल्या न्यूनन गावात. शेतकऱ्यांची डोकी आणि हात यांचा ढीगभर सराव करून 1885 च्या वसंतात त्याने बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं चित्र रंगवलं. ताटात गेलेल्या हातांनीच जमीन खणली आहे, हे त्याला दाखवायचं होतं, असं त्याने भावाला कळवलं. गाठाळ, ओबडधोबड हात आहेत ते. मला ते बार्गच्या गुळगुळीत प्लास्टरपेक्षा कितीतरी खरे वाटतात.

हाच पायऱ्यांचा क्रम मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या कलाशाळेच्या धर्तीवर इथली मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर कास्टवरून अवयव काढू लागली. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होते. एकाच शाळेतली मुलं वर्गात ग्रीक हात काढत होती आणि लेण्यात पद्मपाणीचा. हे दोन्ही धडे एकत्र बांधले गेले असते तर, असं मला फार वाटतं. नग्न मॉडेल समोर बसवून लाइफ क्लास घेणं शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 च्या सुमारास सुरू झालं. तोवर शाळेची साठ वर्षं उलटली होती.

कला महाविद्यालयात आज निदान या पायऱ्या तरी आहेत. शाळकरी मुलाला त्याही नाहीत. वस्तुचित्राला समोर मडकं, डबा, फळं मांडतात. स्मरणचित्राला अख्खी माणसं मनातून काढायला सांगतात आणि समोर काहीच नसतं. उजव्या हाताने चित्र काढणाऱ्या त्या मुलाचा डावा हात तेव्हा कागद धरून तिथेच असतो.