शब्दसामर्थ्य, ख्रिस्ती मतातील

मुखाने उच्चारलेल्या शब्दात परिणाम घडविण्याची शक्ती असते, या आशयाची ख्रिस्ती शिकवण. तिचे दोन थर वेगळे ओळखावे लागतात. पहिला थर बायबलइतका जुना आहे : देव बोलतो आणि ते घडते, माणसाच्या बोलण्याचा मात्र हिशेब घेतला जातो. दुसरा थर विसाव्या शतकातील आणि प्रामुख्याने अमेरिकी आहे. बायबलमधील अभिवचन आपल्यापुरते खरे ठरले आहे, असे श्रद्धावंताने मोठ्याने म्हटले की आरोग्य, पैसा, नोकरी यांसारख्या गोष्टी प्रत्यक्षात येतात, असे त्यात मानले जाते. या आचाराला ‘सकारात्मक कबुली’ म्हणतात. तो मानणाऱ्यांची चळवळ ‘वर्ड ऑफ फेथ’, म्हणजे विश्वासवचन, या नावाने ओळखली जाते. हे नाव रोमकरांस पत्रातून (१०:८) घेतलेले आहे. दोन्ही थरांना आधार म्हणून बहुधा तीच वचने दिली जातात. वादाचे मूळ तेथेच आहे.

बायबलमधील आधार : उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाशापासून सर्व सृष्टी देवाच्या उच्चाराने होते. स्तोत्रसंहिता ३३:६ हेच पद्यात सांगते. यशया ५५:११ नुसार देवाच्या मुखातून निघालेले वचन कार्य केल्यावाचून रिकामे परतत नाही. माणसाच्या वाणीविषयी सर्वाधिक उद्‌धृत होणारे वचन नीतिसूत्रे १८:२१ हे होय. जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे, असा त्याचा आशय. याकोबाच्या पत्रातील तिसरा अध्याय जिभेची तुलना घोड्याच्या लगामाशी, जहाजाच्या सुकाणूशी आणि रान पेटविणाऱ्या ठिणगीशी करतो. त्याचा रोख मात्र संयमावर आहे, सामर्थ्य मिळविण्यावर नाही. मत्तय १२:३६ मध्ये प्रत्येक निरर्थक शब्दाचा न्यायाच्या दिवशी जाब द्यावा लागेल, असे येशू सांगतो. प्रवचनातून हे वचन त्या मानाने कमी ऐकू येते.

‘दाबार’विषयीचा वाद : हिब्रू ‘दाबार’ या शब्दाचा अर्थ ‘शब्द’ आणि ‘वस्तू, बाब, घटना’ असा दुहेरी आहे. प्राचीन ग्रीक अनुवादात त्यासाठी ‘लोगोस’ आणि ‘रेमा’ असे दोन्ही शब्द येतात. पंचग्रंथात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, ‘रेमा’चे, तर संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ‘लोगोस’चे प्रमाण अधिक आहे. या दुहेरी अर्थावरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः ओ. प्रोक्श यांनी, असा निष्कर्ष काढला की हिब्रू माणसाच्या लेखी शब्द म्हणजेच वस्तू. तो एकदा सुटला की स्वतःच्या बळावर काम करतो. ‘दाबार’चा धातू ‘पाठीमागे असणे’ या अर्थाशी जोडून, शब्द ही वस्तूची ‘पार्श्वभूमी’ असते, अशी मांडणीही झाली. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये ही व्युत्पत्तीवर उभारलेली इमारत पाडली. एका शब्दाला दोन अर्थ असणे म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनात त्या दोन गोष्टी एकच असणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा आज बहुतेक भाषाभ्यासकांना मान्य आहे. मराठीत ‘गोष्ट’ म्हणजे वस्तूही आणि कथाही. त्यावरून मराठी माणसाच्या तत्त्वज्ञानाविषयी कोणी अनुमान काढत नाही.

ब्रिटिश धर्मशास्त्रज्ञ अँथनी थिसेल्टन यांनी १९७४ मध्ये हा विचार पुढे नेला. सामर्थ्यवान शब्दांची जी उदाहरणे दिली जातात त्यांत बोलणारा बहुधा देव, राजा किंवा कुलपिता असतो. परिणाम ध्वनीचा नसून बोलणाऱ्याच्या अधिकाराचा आणि मान्य रूढीचा असतो, असे त्यांनी दाखविले. येथे त्यांनी, काही बोलणे हीच एक कृती असते असे सांगणारे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या वाक्‌कृतीच्या उपपत्तीचा आधार घेतला. इसहाकाने याकोबाला फसगतीने दिलेला आशीर्वाद (उत्पत्ती २७) मागे घेता येत नाही, याचे कारण तो हवेत सुटलेला बाण आहे हे नव्हे, तर आशीर्वाद रद्द करण्याची रीतच त्या समाजात नव्हती. उलट दिशेचा पुरावाही आहे. नीतिसूत्रे २६:२ प्रमाणे विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा कोठेच बसत नाही. शास्ते १७:२ मधील आईचे अकराशे शेकेल रुपे (चांदी) चोरीला जाते, ती शाप देते. चोर आपलाच मुलगा निघाल्यावर ती लगेच त्याला आशीर्वाद देते. प्रस्तुत नोंदीत थिसेल्टन यांचे मत अधिक ग्राह्य मानले आहे.

चर्चच्या परंपरेत : प्राचीन आणि मध्ययुगीन चर्चमध्ये उच्चाराचे सामर्थ्य संस्कारांशी बांधलेले राहिले. बाप्तिस्म्याचे सूत्र, प्रभुभोजनातील स्थापनावचने, पापक्षमेची घोषणा आणि अहरोनी आशीर्वाद (गणना ६:२४-२६) ही त्याची ठळक स्थाने. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी भर संस्काराकडून प्रवचनाकडे नेला. रोगमुक्ती किंवा धन यांसाठी सामान्य श्रद्धावंताने वचन उच्चारावे, असा नियमित आचार या काळात आढळत नाही.

सकारात्मक कबुलीचा उगम : या मताचा जनक म्हणून आज सामान्यतः एसेक विल्यम केन्यन (१८६७–१९४८) यांचे नाव घेतले जाते. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले केन्यन स्वतः पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या पंथाचे, नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी बायबल विद्यालय चालविले आणि १९३० नंतरच्या काळात सिअ‍ॅटल येथून रेडिओवर प्रवचने केली. इंद्रियांनी मिळणारे ज्ञान आणि प्रकटीकरणाने मिळणारे ज्ञान वेगळे. शरीर आजाराची लक्षणे दाखवीत असले तरी ख्रिस्ताने आजार वाहून नेला, हे प्रकटीकरण. तेव्हा कबुली लक्षणांची नव्हे, वचनाची द्यावी, ही त्यांची मूळ मांडणी. एफ. एफ. बॉसवर्थ (१८७७–१९५८) यांच्यासारख्या रोगमुक्तीच्या प्रचारकांनी ती उचलली.

केन्यन यांना हे कोठून मिळाले, यावर अभ्यासकांत फूट आहे. डी. आर. मॅकॉनेल यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात न्यू थॉट, म्हणजे ‘नवविचार’, हे उगमस्थान ठरविले. मन आणि उच्चार यांनी वास्तव घडते, असे मानणारा हा प्रवाह फिनीअस क्विंबी (१८०२–१८६६) यांच्यापासून मोजला जातो. आजार औषधाने नव्हे, तर प्रार्थनेने बरा होतो असे मानणारा मेरी बेकर एडी यांचा ख्रिश्चन सायन्स हा पंथ त्याच परिसरातला. केन्यन १८९२ च्या सुमारास बॉस्टनमधील इमर्सन वक्तृत्व विद्यालयात शिकत होते आणि तेथील वातावरण या विचारांनी भारलेले होते, हा मॅकॉनेल यांचा मुख्य पुरावा. तो परिस्थितिजन्य आहे. केन्यन तेथे थोडाच काळ होते, आणि पुढे त्यांनी न्यू थॉट आणि ख्रिश्चन सायन्स या दोन्हींवर लेखी टीका केली.

जो मॅकिन्टायर (१९९७) यांनी बाजू उलटविली. १८९३ च्या सुमारास केन्यन श्रद्धेकडे परतले, ते बॉस्टनमधील बॅप्टिस्ट पाळक ए. जे. गॉर्डन यांच्या मंडळीत. गॉर्डन, ए. बी. सिम्पसन, कॅरी जड माँटगोमेरी यांच्या ‘श्रद्धेने रोगमुक्ती’च्या चळवळीत ‘लक्षणांकडे पाहू नका, अभिवचन धरा’ हा उपदेश आधीपासून होता. तेव्हा न्यू थॉटकडे जाण्याची गरजच नाही, असे मॅकिन्टायर म्हणतात. मॅकिन्टायर केन्यन यांचे अनुयायी आहेत, हे येथे लक्षात ठेवावे. मॅकॉनेलही तटस्थ नव्हते. डेल सिमन्स यांनी त्याच वर्षी घेतलेली भूमिका या दोघांच्या मधली आहे. अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, दोन्ही प्रवाह एकाच हवेत वाढले, शब्द आणि उपमा एकमेकांकडून घेत राहिले. त्यामुळे एकच उगम दाखविण्याचा हट्ट फलदायी नाही. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते. केन्यन यांच्या शिकवणीतील येशूच्या नावाचा अधिकार व ख्रिस्ताने केलेल्या प्रायश्चित्ताचा विचार रोगमुक्ती चळवळीतून सरळ आलेला दिसतो. ‘जे कबूल करतो ते मिळवतो’ या सूत्रातील यांत्रिकपणा मात्र त्या चळवळीत तितका आढळत नाही.

प्रसार : केन्यन यांची मते सर्वदूर नेली ती केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी. टेक्सासमधील हेगिन हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेले असताना १९३४ मध्ये मार्क ११:२३-२४ (मनात संशय न धरता डोंगराला ‘समुद्रात पड’ म्हटले तर तसे होईल, प्रार्थनेत मागाल ते मिळाले आहे असा विश्वास धरा, असे येशू तेथे सांगतो) वाचून बरे झाले, असे ते सांगत. १९७४ मध्ये त्यांनी ओक्लाहोमात रेमा बायबल प्रशिक्षण केंद्र सुरू केले. आपली शिकवण दर्शनांतून मिळाली, असा त्यांचा दावा होता. मॅकॉनेल यांनी केन्यन आणि हेगिन यांचे उतारे शेजारी शेजारी छापून शब्दशः साम्य दाखविले, तेव्हा तो दावा अडचणीत आला. आयुष्याच्या अखेरीस हेगिन यांनी पैशाच्या हव्यासाविरुद्ध आपल्याच शिष्यवर्गाला लेखी इशारा दिला. आर्कान्सातील शेतकरी चार्ल्स कॅप्स आणि दूरचित्रवाणीवरील केनेथ कोपलँड हे या मताचे पुढचे प्रचारक.

सोल येथील डेव्हिड यॉन्गी चो (१९३६–२०२१) यांचा मार्ग काहीसा स्वतंत्र आहे. गरिबीत असताना त्यांनी टेबल, खुर्ची आणि सायकल मागितली. कसले टेबल, कोणत्या बनावटीची सायकल, हे नेमके सांगितल्यावरच प्रार्थना फळली, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. स्वीडनमधील उप्साला येथे उल्फ एकमन यांनी १९८३ मध्ये ‘लिवेट्स ऊर्द’ ही मंडळी स्थापिली. मानववंशशास्त्रज्ञ सायमन कोलमन यांनी तिचा अभ्यास करून, तेथे उच्चारलेला शब्द साठवता आणि पाठवता येणाऱ्या वस्तूसारखा वागविला जातो, असे नोंदविले. एकमन २०१४ मध्ये कॅथलिक झाले.

अर्थनिर्णयाचे प्रश्न : मार्क ११:२२ मधील ‘पिस्तिन थेऊ’ या ग्रीक शब्दबंधाचा प्रचलित अनुवाद ‘देवावर विश्वास ठेवा’ असा आहे. विश्वासवचनाचे शिक्षक तो ‘देवाचा विश्वास बाळगा’ असा करतात. देवाने ज्या विश्वासाने जग उच्चारले तोच माणसाला मिळतो, असा त्यांचा अर्थ. षष्ठी विभक्तीने दोन्ही अर्थ निघू शकतात. रोमकरांस ३:३ मध्ये तशाच रचनेचा अर्थ ‘देवाची विश्वासूता’ असा होतो. त्यामुळे केवळ व्याकरणाने प्रश्न सुटत नाही. मात्र पुढच्या ओळी प्रार्थनेविषयी असल्याने प्रचलित अर्थच संदर्भाला धरून आहे. पुढच्या वचनात (११:२३) ‘म्हणणे’ तीनदा आणि ‘विश्वास’ एकदाच येतो, यावर हेगिन यांचा भर असे. ही मोजणी किंग जेम्स अनुवादावरची. त्यामागच्या ग्रीक संहितेतील शेवटचे ‘जे काही तो म्हणेल’ हे शब्द प्राचीन हस्तलिखितांवर आधारलेल्या आधुनिक संपादित संहितेत नाहीत.

‘लोगोस’ म्हणजे लिखित वचन आणि ‘रेमा’ म्हणजे आत्ता, मला उच्चारलेले वचन, हा भेदही लोकप्रिय आहे. नव्या करारात तो टिकत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात दोन वचनांच्या अंतराने (१:२३, २५) एकाच सुवार्तेला दोन्ही शब्द लावले आहेत.

टीका : अमेरिकेतील असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल संघटनेनेच १९८० मध्ये सकारात्मक कबुलीच्या अतिरेकाविरुद्ध अधिकृत निवेदन काढले. नव्या कराराचे अभ्यासक गॉर्डन फी हेही पेंटेकोस्टलच होते. त्यांची टीका अधिक कठोर आहे. देवाचे सार्वभौमत्व उच्चाराच्या नियमाला बांधले जाते आणि न बऱ्या झालेल्या रुग्णावर अविश्वासाचा ठपका येतो, हे मुख्य आक्षेप. दुसरा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. कॅलिफोर्नियात १९७३ मध्ये रोगमुक्तीची कबुली मोडू नये म्हणून आईवडिलांनी मधुमेही मुलाचे इन्सुलिन थांबविले आणि तो मरण पावला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. वडिलांनी पुढे या मताविरुद्ध लिहिले.

महाराष्ट्र आणि मराठी परिभाषा : केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधील १९०५ च्या जागृतीत मुलींच्या एकत्रित, मोठ्या आवाजातील प्रार्थनेला महत्त्व होते, तिचा सकारात्मक कबुलीशी संबंध जोडणे मात्र कालविपर्यासाचे ठरेल. घरात अभद्र बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हा मराठी समज वरवर जवळचा वाटतो. त्यात बोलणाऱ्याची श्रद्धा गैरलागू असते, हा फरक आहे.

ग्रीक ‘होमोलोगिया’साठी मराठी बायबलमध्ये ‘कबूल करणे’ (रोमकरांस १०:९) हा शब्द रूढ आहे. इब्री लोकांस पत्रात ‘पत्कर’ हा जुना शब्दही येतो. ‘कबुली’ला मराठीत गुन्ह्याच्या कबुलीजबाबाची छटा असल्याने मराठी प्रार्थनासभांतून ‘घोषणा करणे’ आणि ‘येशूच्या नावात बोलणे’ हे वाक्प्रयोग अधिक ऐकू येतात. गोव्यातील कॅथलिकांचे ‘कुमसार’ म्हणजे धर्मगुरूपुढील पापनिवेदन. त्याचा या मताशी संबंध नाही.