एक फॉरवर्ड, एक रुपया? असं काही नसतं

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय. नाकात नळी घातलेलं लेकरू, शेजारी डोळ्याला पदर लावलेली आई आणि खाली ओळ: ‘प्रत्येक फॉरवर्डमागे कंपनी या बाळाच्या ऑपरेशनला एक रुपया देते.’ कोणतीही कंपनी असे पैसे देत नाही. २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एन्क्रिप्टेड आहेत. आत कोणाचा फोटो आहे हे कंपनीला दिसतच नाही, मग रुपये मोजणार कशाचे?

तरी आपण पाठवतोच, कारण आकड्यांपेक्षा एक चेहरा जास्त हलवतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना पाच डॉलर देऊन त्यातून दान मागितलं. आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, तर मालीतल्या एकाच मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी २.३८. गोष्टीला आकडे जोडले तेव्हा दान १.४३ वर घसरलं! चांगल्या संस्थाही चेहरा दाखवतात, त्यात गैर काही नाही. पण त्या नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक देतात. या मेसेजात दवाखान्याचं नाव नाही, तारीख नाही. कुणाच्या तरी आजारी लेकराचा फोटो असा वापरलेला पाहून फार चीड येते.

ओळखीत खरंच कुणाचं पोरगं आजारी असेल, तर १५५३८८ वर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के सवलतीच्या दरात राखीव असतात. अ‍ॅडमिट करतानाच विचारा, रेशनकार्ड सोबत ठेवा.