बंदूक एकाच्या नावावर, गोळी दुसऱ्याच्या हातून : शस्त्र परवान्याच्या वादाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने मुंबई परिसर दोन गोळीबारांनी हादरला. उल्हासनगरला चक्क पोलीस ठाण्यात राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून एका विद्यमान आमदाराला अटक झाली. पाठोपाठ दहिसरला फेसबुक लाइव्ह सुरू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला. दुसऱ्या घटनेत मारणाऱ्याकडे स्वतःचा परवाना नव्हताच. पिस्तूल होतं त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर, आणि परवाना उत्तर प्रदेशातून काढलेला. तेव्हापासून राज्यात एकच प्रश्न विचारला जातोय : परवाने इतके सैल हाताने का वाटले जातात? प्रश्न रास्तच आहे. पण ज्याच्या नावावर बंदूक आहे त्याची जबाबदारी नेमकी किती, हा दुसरा प्रश्न त्यात झाकला जातो. तो का झाकला जातो, याचं उत्तर आपल्या शस्त्र कायद्याच्या इतिहासात आहे.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेली. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली, १८७८ च्या कायद्याने परवान्याची पद्धत पक्की केली आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. त्यामुळे शस्त्रबंदीची तक्रार पहिल्यापासून स्वाभिमानाशी जोडली गेली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याआधी १९२८ च्या नेहरू अहवालात, म्हणजे भारतीयांनी केलेल्या घटना-आराखड्यातही, तो होता. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं की हा हक्क राज्यघटनेत येणार, असं समजायला भरपूर आधार होता.

तो आला नाही. डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दोन दिवसांत संविधान सभेत स्वातंत्र्यांच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेल्या एका सदस्याने दुरुस्ती मांडली. भाषण, सभा, संघटना यांच्या जोडीला शस्त्र बाळगण्याचाही हक्क असावा, असं त्यांचं म्हणणं होतं आणि आधार कराचीच्या ठरावाचा होता. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी दुरुस्तीला ठाम विरोध केला. त्यांच्या उत्तरातले तीन मुद्दे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिला मुद्दा कारभाराचा : प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घ्यायची मुभा असेल तर कोणतंही राज्य चालवता कसं येईल? दुसरा कायद्याचा : हक्क मूलभूत ठरला की ठग, सराईत गुन्हेगार, गुन्हेगार म्हणून नोंदवलेल्या जमाती, सगळेच तो मागतील आणि नाही म्हणायला सरकारकडे आधार उरणार नाही. तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : शस्त्र धरणं हा व्यक्तीचा हक्क मानण्यापेक्षा कर्तव्य मानावं. युद्ध किंवा बंड उद्भवलं तर राज्याने नागरिकाला हाक द्यावी, आणि ही तरतूद मसुद्यात दुसरीकडे केलेलीच आहे, असं त्यांनी सांगितलं. दुरुस्ती फेटाळली गेली.

या निर्णयाकडे आज दोन टोकांनी पाहिलं जातं. एक बाजू म्हणते, गोऱ्या साहेबाचा कायदा आपल्या साहेबाने उचलला. दुसरी म्हणते, या एका निर्णयामुळे आपण अमेरिकेच्या वाटेने गेलो नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे. सभागृहाबाहेरची परिस्थिती विसरून चालणार नाही. फाळणीची कत्तल ताजी होती. दहाच महिन्यांपूर्वी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या वृद्धावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि ते पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेलं, बिनपरवान्याचं होतं. त्या घटनेचे पडसाद पुणे, सातारा, कोल्हापूरकडे कसे उमटले ते मराठी घरांना सांगायला नको. पण दुसरा मुद्दा आज वाचताना टोचतो, हेही खरं. ज्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांची त्या कायद्यातून देशभर सुटका झाली ती १९५२ साली. आपल्याकडच्या पारध्यांना तर त्यानंतरही तो शिक्का वागवावा लागला. जो समाज स्वतःच संरक्षणाला पारखा होता, तोच धोक्याचं उदाहरण म्हणून पुढे आला.

राज्यघटनेत शस्त्रांचा उल्लेख उरला तो मर्यादेच्या रूपाने : शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क. अपवाद एक, शीखांची कृपाण. त्याखेरीज कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातल्या कोडव समाजाला परवान्यातून ब्रिटिश काळापासून मिळालेली सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली, पण ती सरकारी सवलत आहे, हक्क नव्हे.

पुढचं सगळं रामायण १९५९ च्या शस्त्र कायद्याचं. त्याच्या उद्दिष्टांत म्हटलं होतं की ज्यांची पूर्वपीठिका आड येत नाही अशा सर्व नागरिकांना स्वसंरक्षणासाठी परवान्यावर शस्त्र मिळावं. कलम १३ नीट वाचलं तर कायद्याच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या बंदुका दिसतात. पहिली लांब नळीची : किमान वीस इंची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी, किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक. ती मागितली तर, अपात्रतेची कारणं नसल्यास, परवाना द्यायचाच. दुसरी, म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल वगैरे. तिथे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला 'योग्य कारण' पटलं पाहिजे. शिवाय कलम १४ मध्ये एक ओळ आहे, जी फारशी कुणी उद्धृत करत नाही : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात बागायतदार होता तसा अल्पभूधारकही होता.

प्रत्यक्षात उलटं घडत गेलं. १९८० च्या दशकात, पंजाबच्या धुमश्चक्रीत, केंद्राने परदेशी पिस्तुलांची आयात बंद केली आणि परवान्यांवर हात आखडता घेतला. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आणि जुन्या विलायती पिस्तुलांचा तुटपुंजा साठा, मुख्यतः एवढंच बाजारात उरलं. किमती चढल्या आणि कमरेचं हत्यार ऐपतीची खूण झालं. 'जिवाला धोका' हे कारण सिद्ध करणं सामान्य दुकानदाराला अवघड. बिल्डर, ठेकेदार, पुढारी यांना सोपं, कारण धोक्याचा अहवाल ज्या ठाण्यातून जातो तिथे त्यांची उठबस असते. २०१६ च्या नियमांत धोक्याचे निकष सविस्तर लिहिले गेले, प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आलं. कागद वाढले, ओढा तोच राहिला.

याच काळात शिक्षा मात्र कडक होत गेल्या. १९८८ च्या दुरुस्तीने बंदी असलेल्या शस्त्राच्या वापरातून मृत्यू झाला तर फाशी आणि फक्त फाशी, अशी तरतूद केली. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच न ठेवणारं हे कलम २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा शस्त्र बनवण्या-विकण्याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली, बंदी असलेलं शस्त्र जवळ ठेवण्याला ७ ते १४ वर्षं, आणि लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका परवानाधारकाकडची शस्त्रं तीनवरून एकावर आणायचा मूळ प्रस्ताव होता. वाडवडिलांच्या बंदुका सांभाळणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर संख्या दोनवर थांबली. संसदेबाहेर सगळा वाद या आकड्यावरच झाला.

कोकणातला शेतकरी या गोंगाटात कुठेच नव्हता. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आजही घराघरांत आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असं वेळापत्रक लागलं की वर्षातले कित्येक आठवडे बंदूक ठाण्यात आणि रानडुकरं भातात. गोव्यातल्या एका याचिकेवर उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की सरसकट जमा करून घेणं चालणार नाही, प्रत्येक परवाना तपासून ठरवावं. छाननी समित्या त्यातून आल्या. तरी गावात नोटीस येते ती बहुधा सगळ्यांनाच. या बंदुकांनीही जीव जातात, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघरच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला रानडुक्कर समजून गोळी घातली. पण त्या धोक्यावर उपाय वेगळा आणि बीडच्या धोक्यावर वेगळा.

बीडचं प्रकरण डिसेंबर २०२४ मधल्या सरपंचाच्या खुनानंतर उघड्यावर आलं. कमरेला पिस्तूल लावून, हवेत गोळ्या झाडत काढलेले व्हिडिओ फिरू लागले, आणि एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याचं कळलं. मग छाननी झाली आणि शेकडो परवाने रद्द झाले. गुन्हे दाखल असलेल्यांची नावं त्याच जिल्ह्यातल्या पोलिसांच्या दप्तरात होती, मग परवाने दिले आणि नूतनीकरण केले ते कुणी? त्या सह्यांबद्दल कुणावर काय कारवाई झाली, याची चर्चा झालीच नाही. शस्त्र हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेशी तुलना करून पुन्हा सांगितलं. हे मान्य केलं तर देणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. कायद्यात तिचा पत्ता नाही.

बेकायदा कट्ट्यांचा बाजार तर या सगळ्याच्या बाहेरचा. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीत उमर्टीला लोखंडी नळीपासून बनणारी पिस्तुलं पुण्यापर्यंत पोचतात. त्यांच्यापुढे परवान्याचे नियम निरुपयोगी आहेत, आणि परवान्यावर बोट ठेवलं की सैल परवान्यांचे समर्थक हेच उदाहरण तोंडावर फेकतात.

पण दहिसरचं पिस्तूल उमर्टीचं नव्हतं. कागदावर असलेलं, नोंद असलेलं, नूतनीकरण झालेलं शस्त्र दुसऱ्याच्या हाती गेलं. अशा मालकासाठी कायद्यात काय आहे? समोरचा शस्त्र बाळगायला पात्र आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात दिलं तर कलम २९ : जास्तीत जास्त ६ महिने कैद, किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. परवान्याची अट मोडली तर कलम ३० : जास्तीत जास्त ६ महिने, किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वरातीत बार काढण्याची शिक्षा याच्या चौपट. हे आकडे जुने आहेत, आणि २०१९ ला अख्खा कायदा उघडला तेव्हा त्यांना हात लागला नाही. कारण बंदुका किती असाव्यात यावर दोन आठवडे भांडण झालं, मालकाने ती कुणाच्या हाती लागू देऊ नये यावर भांडायला कुणीच उभं राहिलं नाही. आज राज्यात परवान्यांचे फेरआढावे सुरू आहेत ते मुख्यतः किती रद्द करायचे याचे. कलम २९ आणि ३० मधल्या शिक्षा वाढवायच्या तर ते काम संसदेचं आहे.