दूरस्थ औषध-आढावा

दूरस्थ औषध-आढावा : अनेक औषधे घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या घरातील सर्व औषधांची फार्मासिस्टने फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून केलेली पद्धतशीर तपासणी, आणि तिच्या आधारे रुग्ण, घरची माणसे व उपचार करणारे डॉक्टर यांना दिलेला सल्ला. घरपोच औषधविक्रीहून ही सेवा वेगळी. हिच्यात काही विकले जात नाही, उलट पुष्कळदा एखादे औषध कमी होते.

'अनेक' म्हणजे किती, यावर एकमत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बहुऔषधसेवनाच्या १३८ व्याख्या नोंदल्या आहेत. त्यांत रोज ५ किंवा अधिक औषधे ही सर्वांत रूढ. हा आकडा मोजायला सोपा, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रीतसर दिलेली औषधेच पाच होतात. याउलट रक्तदाबाचे टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि गुडघेदुखीसाठीचे डायक्लोफिनॅक ही तीनच औषधे एकत्र आल्यास म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांना एकाएकी इजा होऊ शकते. पहिली दोन तर बहुधा एकाच गोळीत असतात. त्यामुळे संख्येपेक्षा योग्यायोग्यता पाहावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यासाठीच्या याद्यांपैकी अमेरिकेतील बीअर्स निकष (१९९१, अलीकडील सुधारणा २०२३) आणि आयर्लंडमध्ये तयार झालेले स्टॉप-स्टार्ट निकष (२००८, तिसरी आवृत्ती २०२३) सर्वाधिक वापरात आहेत. दुसऱ्या संचात, द्यायला हवे असून न दिलेल्या औषधांचीही यादी आहे.

उगम : दूरस्थ औषधसेवेचा आरंभ कोठे मानावा, हा वादाचा विषय आहे. एक मत ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवते. तेथील फ्लाइंग डॉक्टर सेवेने (स्थापना १९२८) दूरच्या गुराखी वस्त्यांवर १९४२पासून औषधपेट्या ठेवल्या. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक असे. डॉक्टर रेडिओवरून अमुक क्रमांकाची गोळी द्या, असे सांगत. दुसरे मत अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याला मान देते. खेड्यांतली औषधदुकाने बंद पडू लागल्यावर २००१ मध्ये तेथे फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर नसलेल्या दुकानांना, दुरून देखरेखीच्या अटीवर, परवानगी मिळाली. पहिले मत कालदृष्ट्या बळकट असले तरी त्या व्यवस्थेत सल्ला डॉक्टरचा होता, फार्मासिस्टचा नव्हे. शिवाय दोन्ही उपक्रमांपुढील प्रश्न औषध पोहोचवण्याचा होता. घरात पोहोचलेल्या औषधाचे पुढे काय होते, हा आढाव्याचा प्रश्न. त्याची वंशरेषा वेगळी दिसते : साधारण १९८०च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेली, घरातली सगळी औषधे कागदी पिशवीत भरून फार्मासिस्टसमोर ओतण्याची पद्धत; हेपलर व स्ट्रँड यांनी १९९० मध्ये मांडलेली, फार्मासिस्टला उपचाराच्या परिणामांची जबाबदारी देणारी संकल्पना; आणि अमेरिकेच्या २००३ च्या मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) कायद्यातून आलेली औषधोपचार-व्यवस्थापन सेवा. ऑस्ट्रेलियात घरी जाऊन करण्याचा आढावा २००१ पासून आहे. कोविड साथीत, २०२० मध्ये, तो फोन-व्हिडिओवरून करण्यास मुभा मिळाली.

पद्धती : पहिल्या कॉलला साधारणपणे ३० ते ४५ मिनिटे ठेवतात. त्याआधी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, अलीकडचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम, साखरेचे अहवाल व सध्याचे वजन मागवतात. मात्र चिठ्ठीवरून केलेला आढावा अपुराच राहतो. खरी यादी घरातल्या डब्यात असते. उशीखालची, देवघरातली, फ्रिजमधली औषधे, मलमे, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, चूर्णे, काढे, शेजाऱ्यांनी दिलेली दुखण्याची गोळी, असे सगळे टेबलावर मांडायला सांगतात. ज्येष्ठमधाचा रोजचा काढा रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो, म्हणून तोही यादीत घ्यावा लागतो.

स्ट्रिपचा फोटो चकाकीमुळे वाचता येत नाही. ती खिडकीजवळ तिरकी धरून मागची बाजू दाखवावी लागते. दुकानातून कापून दिलेल्या स्ट्रिपवर नाव अर्धे उरते आणि मुदतीची तारीख कापली गेलेली असते. अशी गोळी रंगावरून ओळखण्याचा धोका पत्करू नये, बिल मागवावे. नावापेक्षा घटक वाचणे महत्त्वाचे. सर्वाधिक सापडणारी चूक इथेच असते : रुग्णालयाने एका ब्रँडची गोळी लिहिलेली, घरात दुसऱ्या ब्रँडची वा जेनेरिक शिल्लक, आणि रुग्ण दोन्ही घेतो. 'बीपीची गोळी', 'पित्ताची गोळी' या नावांनी बोलणे सुरू राहिले तर ही दुप्पट मात्रा कधीच उघडी पडत नाही.

प्रश्नाची घडणही सांभाळावी लागते. 'आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?' याला उत्तर 'हो'च येते. 'काल रात्री जेवल्यावर कोणत्या घेतल्यात, त्या दाखवा' असे विचारल्यास खरे कळते. ऐकू कमी येत असेल तर सावकाश बोलून शेवटी रुग्णाकडूनच सूचना वदवून घेतात. परदेशी असलेली मुले कॉलवर आल्यास मदत होते, पण उत्तरे तीच देऊ लागली तर डब्यातली गोष्ट डब्यातच राहते.

मात्रा ठरवताना वय विसरले जाते. प्रयोगशाळेच्या अहवालात १.२ क्रिएटिनिन जवळपास निर्दोष दिसते. पण ७८ वर्षांच्या, ५२ किलो वजनाच्या स्त्रीसाठी मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती काढणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने (१९७६) हिशोब असा : (१४० − ७८) × ५२ ÷ (७२ × १.२) × ०.८५, म्हणजे मिनिटाला सुमारे ३२ मिलि. पायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या प्रीगॅबालिनची नेहमीची मात्रा इथे निम्मी करावी लागते. न केल्यास गुंगी, तोल जाणे, पडणे.

औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर पुन्हा औषध दिले जाण्याची साखळीही शोधावी लागते. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, सुजेवर लघवीची गोळी येते, रात्री उठावे लागते म्हणून मूत्राशय आवरणारी गोळी, तिने बद्धकोष्ठ आणि विसराळूपणा. आपल्याकडे चक्करेसाठी महिनोन्‌महिने चालणारे सिनॅरिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन कंप व ताठरपणा आणते, आणि मग पार्किन्सनचे उपचार सुरू होतात. औषध केव्हा सुरू झाले व लक्षण केव्हा, या दोन तारखा शेजारी लिहिल्या की साखळी दिसते.

काही तपासण्या कॅमेऱ्यावरच उत्तम होतात. भारतात इन्सुलिनच्या कुपी मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही शक्तीच्या मिळतात. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरल्यास अडीचपट मात्रा जाते. म्हणून कुपी व सिरिंज एकत्र दाखवायला सांगावे. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत ४ तासांचे अंतर हवे. आठवड्यातून एकदाची, सांधेवातासाठीची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेल्यास जीव जाऊ शकतो; तिचा वार अक्षरांत लिहून डब्यावर चिकटवतात. 'एसआर', 'एक्सएल' लिहिलेली (औषध सावकाश सोडणारी) गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देऊ नये.

आढाव्यानंतर फार्मासिस्ट स्वतः औषध बंद करत नाही; डॉक्टरांना एक पानी पत्र पाठवतो, तातडीचे असल्यास त्याच दिवशी फोन करतो. एका वेळी एकच बदल सुचवावा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. झोपेची अल्प्राझोलामसारखी गोळी वा बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) एकदम थांबवल्यास अपाय होतो, त्यामुळे उतरत्या मात्रेचे तारीखवार वेळापत्रक घरी द्यावे लागते. एक-दोन आठवड्यांनी दुसरा कॉल हवाच. मध्यंतरी घरच्यांकडून बसून आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घेतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टरांना कळवतात. बेशुद्धी, काळी शौच, नव्याने आलेला गोंधळ यांत आढावा थांबवून रुग्णालयातच पाठवावे.

परिणामकारकता : पुरावा संमिश्र आहे. हाँगकाँगमध्ये ५ किंवा अधिक औषधे घेणाऱ्या, परंतु नीट न घेणाऱ्या ४४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (प्रसिद्धी २००६) फार्मासिस्टने दोन वर्षे, दवाखान्यातील दोन भेटींच्या मध्यावर, १०-१५ मिनिटांचे फोन केले; फोन न मिळालेल्या गटात १७ टक्के, तर फोन मिळालेल्या गटात ११ टक्के रुग्ण दगावले. मात्र इंग्लंडमधील होमर चाचणीत (२००५) ८० वर्षांवरील रुग्णांना फार्मासिस्टने घरी भेटी दिल्यावर पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. जागरूकतेमुळे रुग्ण लवकर मदत मागू लागले असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दोन्ही चाचण्यांचे रुग्ण व काम वेगळे असल्याने त्यांची थेट तुलना करू नये. तरी एक-दोन सखोल भेटींपेक्षा लहान व नियमित संपर्काकडे झुकणे सयुक्तिक वाटते.

भारतातील स्थिती : फार्मसी प्रॅक्टिस विनियम, २०१५ नुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. २००८ पासून फार्म.डी. हा रुग्णाभिमुख अभ्यासक्रमही चालतो. मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे मात्र नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. त्यांच्या आधारे फार्मासिस्टला औषध लिहून देता येत नाही. आढाव्यात सापडलेला दुष्परिणाम राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतो.